रुजू दिनांक

सरकारी कचेरीच्या सूचना फलकावर वर्षातून एकदा एक तक्ता लागतो. वर लिहिलेले असते, 'दिनांक १ जानेवारी रोजीची तात्पुरती ज्येष्ठता यादी'. खाली रकाने : अनुक्रमांक, नाव, जन्मदिनांक, प्रवर्ग, नियुक्तीचा दिनांक, रुजू झाल्याचा दिनांक, शेरा. बाहेरून कामासाठी आलेला माणूस त्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आतला माणूस मात्र आधी आपले नाव शोधतो, मग आपल्या वरचे आणि मग आपल्या खालचे. ठरावीक दिवसांत हरकती मागवल्या जातात, त्यांचा निकाल लागतो आणि 'तात्पुरती' हा शब्द जाऊन यादी 'अंतिम' होते. ती खरोखर अंतिम मात्र क्वचितच असते. एकेका यादीवरून वीस-वीस वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत.

ही यादी दोन दिशांनी वाचता येते. वरून खाली वाचली तर बढती कोणाला आधी मिळणार ते कळते. खालून वर वाचली तर पदे कमी झाल्यावर आधी कोण जाणार ते कळते. पहिल्या वाचनाबद्दल कर्मचाऱ्यांत रोज बोलले जाते. दुसऱ्याबद्दल वेळ येईपर्यंत कोणी बोलत नाही. या लेखात मला दोन्ही वाचने एकत्र ठेवायची आहेत, कारण एकाच प्रश्नावर दोन्ही उभी आहेत : माणसाची कुठली तारीख धरायची, आणि ती कोणी ठरवायची?

जन्माच्या जागी तारीख

आज ज्येष्ठतेला आपण 'पाट्या टाकणाऱ्यांचे संरक्षण' म्हणून नावे ठेवतो. काम करणारा आणि खुर्ची उबवणारा एकाच रांगेत उभे राहतात, ही तक्रार खोटी नाही. पण ज्येष्ठतेच्या आधी काय होते, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही.

आपल्या गावगाड्यात सरकारी काम वतनाने चालत असे. पाटलाचा मुलगा पाटील, कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णी. महारांच्या वाट्याला आलेले वतन तर हक्कापेक्षा बेड्याच अधिक होते. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही रचना इंग्रजी अमलातही टिकवली आणि डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, ते महार वतनाच्या जाचातून लोकांना सोडवण्यासाठी. परगणे व कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. कुळकर्ण्याच्या दप्तराशी पगारी तलाठी बसला. हा बदल केवळ पदनामाचा नव्हता. कुळकर्ण्याचा हक्क त्याच्या जन्मातून येत होता. तलाठ्याचा हक्क तो कुठल्या दिवशी रुजू झाला त्या दिवसातून येऊ लागला.

वरच्या पातळीवर हेच बरेच आधी घडले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत वशिल्याचा एवढा बाजार होता, की १७९३ च्या सनदी कायद्याने बढतीसाठी ज्येष्ठतेच्या तत्त्वाला कायद्याचे बळ दिले. साहेबाचा भाचा कालच्या जहाजाने उतरला म्हणून दहा वर्षे राबलेल्याच्या डोक्यावर बसणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्येष्ठतेने गुणवत्ता मोजली जात नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. पण गुणवत्ता कोण मोजणार, या प्रश्नाचे उत्तर 'साहेब' असे असेल, तर त्यापेक्षा कॅलेंडर बरे, असा तो हिशेब होता. कॅलेंडरला भाचे नसतात.

पण कुठली तारीख?

कॅलेंडर निःपक्षपाती असले तरी त्यावरचा दिवस निवडणारा माणूसच असतो. सरकारी नोकराच्या आयुष्यात तारखा अनेक असतात. जागा रिकामी झाली ती तारीख. भरतीसाठी मागणीपत्र गेले ती तारीख. निवड यादी लागली ती, नियुक्तीचा आदेश निघाला ती, प्रत्यक्ष रुजू झाला ती, परिविक्षा संपली ती, कायम केला ती. शिवाय महाराष्ट्राच्या प्रशासनात 'मानीव दिनांक' नावाची एक चीज आहे. एखाद्याला चुकीने डावलले गेले असेल, तर त्याची बढती प्रत्यक्षात आज झाली तरी ती अमुक दिवशी झाली असे 'मानले' जाते. म्हणजे जी तारीख त्याच्या आयुष्यात घडलीच नाही, तीच त्याच्या सेवापुस्तकात लागते.

या तारखांपैकी कुठली धरायची, यावर देशातला सर्वांत गाजलेला वाद महाराष्ट्रातल्या सरकारी अभियंत्यांचा आहे. एका बाजूला खालून बढती मिळून आलेले, दुसऱ्या बाजूला सरळ भरतीने आलेले. बढतीवाले वर्षानुवर्षे त्या पदावर काम करत, पण कागदोपत्री 'स्थानापन्न' असत. कायम झाल्याशिवाय त्यांची ज्येष्ठता सुरू होत नसे. सरळ भरतीचा उमेदवार मात्र रुजू झाल्या दिवसापासून मोजला जाई. परिणाम असा, की आठ-दहा वर्षे ते काम केलेला माणूस काल आलेल्या पदवीधराच्या खाली.

पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. निकाल लिहिणारे न्या. य. वि. चंद्रचूड पुढे वर्षभरातच सरन्यायाधीश झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 'कायम' होणे ही सरकारी नोकरीतली एक बेभरवशाची गोष्ट आहे. ती ना माणसाच्या कर्तबगारीवर अवलंबून असते, ना जागा रिकामी असण्यावर. एखादी फाईल टेबलावर पडून राहिली, यावर माणसाचे स्थान ठरवायचे नाही.

वाद तिथे मिटला नाही. तेच खाते, तोच झगडा पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अकरा सूत्रे सांगितली. त्यांतली पहिली दोन आजही देशभरच्या प्रत्येक ज्येष्ठता वादात म्हटली जातात. नियमानुसार नेमणूक झाली असेल, तर ज्येष्ठता नेमणुकीपासून मोजायची, कायम झाल्यापासून नव्हे. तात्पुरती सोय म्हणून नियम डावलून नेमले असेल, तर तो काळ मोजायचा नाही. दुसरे सूत्र या कडक नियमाला थोडी फट ठेवते : पहिली नेमणूक पूर्ण रीतसर नसली, पण माणूस सलग काम करत राहिला आणि पुढे नियमित झाला, तर आधीची सेवा धरली जाईल. 'रीतसर' आणि 'सलग' या दोन शब्दांच्या मधल्या जागेत हजारो माणसांची आयुष्ये अडकलेली आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

न्यायालयाचे उत्तरही कायम एकच राहिलेले नाही. २०१२ च्या परमार निकालाने सरळ भरतीच्या उमेदवाराची ज्येष्ठता भरतीची प्रक्रिया ज्या वर्षी सुरू झाली त्या वर्षाशी जोडली. म्हणजे तो प्रत्यक्ष नोकरीत येण्याच्या आधीपासून. मणिपूर पोलिसांच्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने ते मत बदलले : जो माणूस सेवेत जन्मलाच नव्हता, त्याला त्या काळाची ज्येष्ठता मागता येणार नाही. मात्र आधी ठरून गेलेल्या ज्येष्ठतांना धक्का लावला नाही. सात वर्षांत सूत्र बदलले. त्या सात वर्षांत यादीत वर-खाली झालेली माणसे मात्र आहेत तिथेच राहिली.

यादी खालून वाचली जाते तेव्हा

आता दुसरे वाचन. आधी दोन शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. बोलताना आपण 'ले-ऑफ' सरसकट म्हणतो. आपल्या कामगार कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरती बैठक : कोळसा नाही, वीज नाही, माल साठून राहिला, म्हणून कामगाराला काही काळ काम देता येत नाही, नोकरी तुटत नाही. नोकरी कायमची जाते तिला 'कपात' म्हणतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या दोन्हींचे स्वतंत्र प्रकरण १९५३ मध्ये घातले गेले, ते कापड गिरण्यांत माल साठून कामगारांवर संकट आले त्या सुमारास. गिरणगावाच्या इतिहासाचा हा एक दुवा आज विसरल्यासारखा झाला आहे.

त्या प्रकरणातले कलम २५-ग म्हणजे 'शेवटी आला तो आधी गेला'. एकाच प्रकारच्या कामातल्या कामगारांत जो सर्वांत नवा, त्याला सामान्यतः आधी कमी करायचे. तसे केले नाही, तर कारण लेखी नोंदवायचे. केंद्रीय नियमांनुसार कपातीच्या किमान सात दिवस आधी ज्येष्ठता यादी फलकावर लावावी लागे. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई आणि पुढे भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी बोलावणे, ही त्याची जोड. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व आले आहे. यातला 'सामान्यतः' हा शब्द मालकाला वाट देतो. 'लेखी कारण' हा शब्द त्या वाटेवर दिवा लावतो.

सरकारी नोकर मात्र बहुतांशी या कायद्याबाहेर. त्याचे कवच म्हणजे राज्यघटनेचे कलम ३११. नेमणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने त्याला बडतर्फ करायचे नाही, आणि चौकशी करून बाजू मांडू दिल्याशिवाय काढायचे नाही. 'सरकारी नोकराला हात लावता येत नाही' हा लोकसमज इथून आला. पण हे कवच शिक्षेविरुद्ध आहे. पदच रद्द झाले तर? केरळच्या एका प्रकरणात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पद रद्द होऊन नोकरी जाणे ही शिक्षा नाही. तिथे ३११ चे संरक्षण लागू होत नाही. पद निर्माण करणे आणि रद्द करणे हा सरकारचा अधिकार आहे, फक्त तो प्रामाणिकपणे वापरला गेला पाहिजे. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर १९८० मध्ये एका अध्यादेशाने गावोगावच्या अर्धवेळ ग्रामाधिकाऱ्यांची पदे एका झटक्यात रद्द केली आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. माणसाला काढायला चौकशी लागते. खुर्चीच उचलून नेली तर लागत नाही.

मग इतक्या मोठ्या अधिकाराच्या मानाने सरकारी कपात दिसत का नाही? कारण सरकार सहसा माणूस कमी करत नाही, त्याच्या निवृत्तीची वाट पाहते. आकृतिबंध नव्याने आखला जातो, एखादा संवर्ग 'मृत' घोषित होतो. म्हणजे आहेत ती माणसे निवृत्त होईपर्यंत राहतील, त्यांच्यामागे जागा भरली जाणार नाही. 'मृत संवर्गा'त जिवंत माणसे काम करत असतात, हे सरकारी मराठीचे एक कटू वैशिष्ट्य. जुन्या निवृत्तिवेतन नियमांत पद रद्द झाल्यास 'भरपाई निवृत्तिवेतन' आहे. इंग्रज अमदानीपासूनच्या त्या नियमांत असेही सांगितले होते, की आस्थापना कमी करताना माणसे अशी निवडावीत, की भरपाई निवृत्तिवेतनाचा बोजा कमीत कमी पडेल. बोजा कमी पडतो तो कमी सेवा झालेल्याचा. म्हणजे नवा माणूस आधी जावा, याच निष्कर्षाला खजिना पैशाच्या वाटेने पोचला होता. न्यायाचे तत्त्व आणि खर्चाचे तत्त्व इथे योगायोगाने एका दिशेला गेले.

अतिरिक्त

मराठी माणसाने सरकारी कपात जवळून पाहिली आहे ती 'अतिरिक्त' या शब्दात. केंद्र सरकारने १९६६ मध्ये अतिरिक्त कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कक्ष काढला. एका कचेरीत पद संपले, तर माणसाचे नाव कक्षाकडे जायचे आणि दुसऱ्या कचेरीत जागा शोधली जायची. याचे नियम १९९० मध्ये नव्याने झाले. पगाराला धक्का नाही, निवृत्तिवेतनासाठी आधीची सेवा धरली जाते. पण नव्या कचेरीत ज्येष्ठता? ती शून्यापासून. आधीची सेवा नव्या ठिकाणच्या ज्येष्ठतेसाठी मोजली जात नाही.

नव्या कचेरीतल्या लोकांच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच आहे. दुसरीकडून आलेला माणूस त्यांच्या रांगेत मध्येच का घुसावा? पण वीस वर्षे नोकरी झालेला माणूस यादीच्या तळाशी जातो. बढती लांबते. आणि उद्या तीही कचेरी आटली, तर पुन्हा अतिरिक्त ठरणारा पहिला तोच. एकदा अतिरिक्त झालेला माणूस पुन्हा अतिरिक्त होण्याच्या सर्वांत जवळ उभा असतो.

महाराष्ट्रात हा शब्द घराघरांत पोचला तो शिक्षकांमुळे. खासगी अनुदानित शाळांतले शिक्षक काटेकोर अर्थाने सरकारी नोकर नाहीत. पण पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि नोकरीचे नियम १९७७ च्या कायद्याखाली झालेल्या १९८१ च्या नियमावलीने बांधलेले आहेत. दरवर्षी पटसंख्येवरून संचमान्यता होते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले. मुले कमी झाली, की पद कमी होते. पद कमी झाले, की शाळेची ज्येष्ठता यादी खालून वाचली जाते. नियमावलीचा नियम २६ सांगतो : वर्ग, तुकड्या किंवा मुले कमी झाल्यास कायम कर्मचाऱ्यालाही तीन महिन्यांची नोटीस देऊन कमी करता येते, पण सामान्यतः ज्येष्ठतेचे तत्त्व पाळायचे.

इथे 'कुठली तारीख' हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नियमावलीच्या 'फ' अनुसूचीत शिक्षकांचे अर्हतेप्रमाणे गट केले आहेत. ज्याने प्रशिक्षणाची पदवी उशिरा मिळवली, तो त्या गटात आला त्या दिवसापासून मोजला जातो. म्हणून शाळेत आधी आलेली व्यक्ती यादीत नंतर आलेल्याच्या खाली असू शकते. आणि दोघांची तारीख एकच निघाली, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. शेवटी पुन्हा जन्मतारीख! जन्माच्या हक्कापासून निघालेली ही वाट फिरून जन्माशीच येते. फक्त आता कोणाच्या पोटी जन्मलो हे विचारले जात नाही, कधी जन्मलो एवढेच विचारले जाते.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. कागदावरची मुले आणि बाकावरची मुले यांतला फरक उघडा पडला. खोटी हजेरी लावणे चुकीचेच होते. पण ती लावण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, ते यादीत नव्हते. यादीच्या तळाशी होता तो सर्वांत नवा शिक्षक. समायोजनाच्या दिवशी जिल्ह्याच्या गावी एखाद्या सभागृहात असे शिक्षक बसलेले असतात. नाव पुकारले जाते, उरलेल्या शाळांची नावे वाचली जातात, निवड करायला क्षणभराचा वेळ मिळतो. नव्या संस्थेने रुजू करून घेतले नाही, तर पुन्हा शिक्षण कार्यालयाच्या पायऱ्या. 'अतिरिक्त' हा शब्द पदासाठी बनला होता. तो माणसाला कधी चिकटला ते कळलेही नाही.

ज्यांच्यासाठी दार उशिरा उघडले

ज्येष्ठतेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. 'शेवटी आला तो आधी गेला' हा नियम ज्यांना मुळात उशिरा आत घेतले, त्यांच्यावर सर्वांत आधी कोसळतो. तारीख निःपक्षपाती खरी, पण दार कोणासाठी कधी उघडले, हे निःपक्षपाती नव्हते.

अमेरिकेत हा प्रश्न मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावच्या शाळांत उभा राहिला. कृष्णवर्णीय शिक्षक तिथे उशिरा घेतले गेले होते. कपात ज्येष्ठतेप्रमाणे केली असती, तर तेच आधी गेले असते. म्हणून शाळा मंडळ आणि शिक्षक संघटना यांनी करार केला : कपात ज्येष्ठतेनेच, पण अल्पसंख्य शिक्षकांचे नोकरीतले प्रमाण त्यामुळे घटता कामा नये. काही ज्येष्ठ गोरे शिक्षक कमी झाले. ते कोर्टात गेले आणि १९८६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती तरतूद रद्द केली. भरतीत दिलेल्या संधीचा भार समाजात विखुरला जातो. कपातीचा भार ठरावीक माणसाच्या अंगावर पडतो, असा मुख्य युक्तिवाद होता. पाच विरुद्ध चार या आकड्यातच प्रश्न किती अवघड आहे ते दिसते.

आपल्याकडे हाच पेच कपातीपेक्षा बढतीत गाजला. राखीव जागेवर आधी वर गेलेला कर्मचारी आणि नंतर बढती मिळून तिथे पोचलेला त्याचा जुना ज्येष्ठ, यांत वर कोण? १९९५ च्या एका निकालाने न्यायालयाने म्हटले, मागून आलेला आपले जुने स्थान परत घेईल. संसदेने २००१ मध्ये ८५ वी घटनादुरुस्ती करून बढतीबरोबर येणारी ज्येष्ठताही राखीव प्रवर्गातल्या कर्मचाऱ्याला दिली, आणि तीही १७ जून १९९५ पासून. एका यादीतला क्रम ठरवायला देशाची घटना दुरुस्त करावी लागली! यादी हा कारकुनी कागद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे एक उदाहरण लक्षात ठेवावे.

ज्यांना तारीखच नाही

इथवर जे सगळे भांडले, त्यांच्यापाशी निदान भांडायला तारीख होती. आता ज्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत, त्यांच्याकडे येतो. सरकारी कपातीचे खरे ओझे त्यांनी वाहिले आहे. त्यांना कमी करायला पद रद्द करावे लागत नाही, नोटीस द्यावी लागत नाही. उद्यापासून हजेरीपटावर नाव लिहिले नाही, की झाले.

महाराष्ट्रात अशा माणसांना तारीख देण्याचा एक जुना आणि मोलाचा प्रयत्न म्हणजे १९६७ चा कालेलकर निवाडा. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या रोजंदारी कामगाराने सलग पाच वर्षे भरली, की त्याला 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने'वर घ्यायचे. नाव अवजड आहे, 'नियमित' आणि 'अस्थायी' एकाच श्वासात आहेत. पण त्यामुळे खडी फोडणाऱ्या माणसाला सेवापुस्तक मिळाले. दुसरा प्रयत्न १९७१ च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथा कायद्याचा. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे, ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. पुण्याच्या पाचगाव पर्वती टेकडीवर झाडे लावणाऱ्या वनमजुरांना १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे न्याय दिला. सरकारचे वन खातेही या बाबतीत मालकच आहे, असे न्यायालय म्हणाले. आज तळजई-पर्वतीच्या बाजूला सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी तिथल्या झाडांकडे पाहताना हे आठवावे.

दहा वर्षांनी वारा फिरला. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात पाच न्यायाधीशांनी सांगितले, की रीतसर जाहिरात आणि निवड न होता आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. तसे केले, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बेरोजगारांवर अन्याय होतो. मंजूर पदावर दहा वर्षे किंवा अधिक काम केलेल्यांसाठी, तेही कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय, एकदाच सवलत ठेवली. हा युक्तिवाद हलका नाही. मागच्या दाराने आलेल्या माणसाचे दार कोणी उघडले, हे मात्र त्यात सुटते. एसटी महामंडळात गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की उमादेवीमुळे महाराष्ट्राच्या अनुचित प्रथा कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाला असलेला अधिकार गेलेला नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना परत घेऊन नियमित करताना, उमादेवीचा वापर ढाल म्हणून करू नका, असेच जणू सरकारांना बजावले.

दरम्यान रोजंदारीची जागा कंत्राटाने घेतली आहे. रोजंदारीवाल्याचे नाव निदान सरकारच्या हजेरीपटावर असे. कंत्राटी माणसाचे नाव पुरवठादाराच्या वहीत असते आणि पुरवठादार बदलला, की वही बदलते. दहा वर्षे त्याच टेबलावर बसूनही त्याची रुजू तारीख दरवेळी नवी. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा स्पर्धा परीक्षा देणारी मुले रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. निर्णय गेला, पद्धत जुनीच आहे.

माझे वडील एका सरकारी खात्यात रोजंदारीवर लागले होते. पुढे ते आस्थापनेवर आले आणि निवृत्तही झाले. रोजंदारीच्या काळातल्या मजुरीच्या चिठ्ठ्या त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. सलग काम केले हे दाखवायला तेवढाच पुरावा. मध्ये मध्ये एक-दोन दिवसांचा खंड मुद्दाम पाडलेला असे. त्या चिठ्ठ्यांची चळत तिथे तुटे. सुरुवातीच्या दोन वर्षांचे हजेरीपट कचेरीत सापडले नाहीत, म्हणून त्यांची तारीख दोन वर्षे पुढची धरली गेली. चिठ्ठ्यांवर शिक्का अस्पष्ट आहे, असे उत्तर मिळाले. त्या दोन वर्षांची त्यांनी कधी आदळआपट केली नाही. फक्त कोणी विचारले, नोकरीला कधी लागलात, की ते दोन तारखा सांगत : एक खरी आणि एक सरकारी.

या विषयाकडे मी वळलो तो त्या डब्यामुळे. अनेक वर्षे शासन निर्णय, नियमावल्या आणि निकाल वाचल्यावर मला जे समजले ते फार थोडे आहे. ज्येष्ठता हे गुणवत्तेचे माप नाही, तसा दावा तिने कधी केलाही नाही. सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याच्या मर्जीपुढे साध्या माणसाला उभे राहायला दिलेली ती एक काठी आहे. ती वाकडी असू शकते. कोणती तारीख धरायची, यावर ती सरळ करता येते, आणि ती सरळ करण्यासाठीच पन्नास वर्षे कोर्टात भांडणे झाली. पण काठी सरळ करण्याच्या या सगळ्या खटाटोपात, ज्यांना काठीच मिळाली नाही त्यांची संख्या वाढत गेली. सरकारी नोकरीतल्या सुधारणेची चर्चा पुढे जेव्हा होईल, तेव्हा गुणवत्ता आणि ज्येष्ठता यांत कोण मोठे हा वाद होणारच. त्याआधी एक छोटी गोष्ट करता येईल. जो कोणी सरकारचे काम करतो, मग तो कोणामार्फतही येवो, त्याच्या कामाचा पहिला दिवस सरकारने आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि त्याची नक्कल त्याच्या हातात द्यावी. पुढे हक्क काय द्यायचा, यावर भांडता येईल. तारीख मात्र त्याला डब्यात जपून ठेवावी लागू नये.